आधी त्यांना विचारलं का?

मागच्या अंकात एका वाचकाचं पत्र छापलं होतं, आईला आयसीयूतून घरी आणलं, ती घरीच गेली आणि आता नातेवाईक टोमणे मारून राहिले. मी त्यावर चार ओळी लिहिल्या की तुम्ही आईचं ऐकलंत, बाकीच्यांना बोलू द्या. त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले ना, बाप्पा! जवळपास सगळे याच विषयावर, म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकला. नावं कोणाचीच छापली नाहीत, नागपुरातले मोहल्ले तेवढे ठेवलेत. आणि हो, मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर होते, त्यामुळे गोळ्यांचे डोस मला विचारू नका, बाकी सगळं विचारा.

ताई, बाबा ८२ चे आहेत. हार्ट फेल्युअर आहे, पंपिंग २० टक्केच राहिलं म्हणतात. उन्हाळ्यापासून धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात ऍडमिट डिस्चार्ज, ऍडमिट डिस्चार्ज चालूच आहे. घरी आले की थोडे दिवस बरे असतात मग परत पाय सुजतात, रात्री झोपता येत नाही, दम लागतो. मागच्या वेळी ऍम्ब्युलन्समध्ये चढवताना माझा हात धरून म्हणाले, आता नको नेऊ वं मले. भाऊ कॅनडात असतो, तो म्हणतो पैशाचं टेन्शन घेऊ नको, व्हेंटिलेटर लागला तर लाव पण बाबांना वाचव. आई काहीच बोलत नाही. सही तर मलाच करावी लागते न. काय करू?
— सक्करदरा

बाबांनी सांगितलंय की तुम्हाला. निदान अर्धं तरी सांगितलंय. अर्धं यासाठी म्हणते की दम लागलेला माणूस ऍम्ब्युलन्समध्ये जे बोलतो ते कधी भीतीने बोलतो, कधी कंटाळून, कधी मुलीची धावपळ बघवत नाही म्हणून बोलतो. तर आता ते घरी आहेत, बरे आहेत, हेच दिवस कामाचे आहेत. सकाळच्या चहाला, टीव्ही बंद करून, आईलाही बाजूला बसवून विचारा. पण 'बाबा तुम्हाला व्हेंटिलेटर लावायचा का' असं नका विचारू, त्यांना काय कळणार त्यातलं, आपल्याला तरी कुठे कळतं. साधं विचारा. परत दम लागला तर दवाखान्यात जायचं का घरीच डॉक्टर बोलवायचे? दवाखान्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, सुयांचा, रात्रभर लाइट चालू असतो त्याचा, का एकटं पडायचा? कोणत्या हालतीत राहावं लागलं तर नको वाटेल? कोणासाठी थांबायचंय का, म्हणजे दादा येईपर्यंत वगैरे? आणि तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने कोणी बोलायचं, मी का दादानं? एका बैठकीत सगळी उत्तरं येणार नाहीत, मध्येच ते म्हणतील पंखा कमी कर आणि विषय बदलतील, बदलू द्या, दोन दिवसांनी परत काढा. जे बोलतील ते वहीत लिहून तारीख टाका.

एक गोष्ट खूप लोकांना माहीत नसते. जो माणूस शुद्धीवर आहे, समजून उमजून बोलतोय, त्याला उपचार नको म्हणायचा हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ च्या निकालात तो मान्य केलाय. तिथे मुलाची किंवा मुलीची सही बापाच्या शब्दाच्या वर जात नाही. आपल्याकडे उलटंच चालतं, पेशंट बेडवर टकटक बघत असतो आणि डॉक्टर, भाऊ, जावई, मामा सगळे कॉरिडॉरमध्ये उभे राहून त्याचं ठरवत असतात. मला याचा मनापासून राग येतो.

आता व्हेंटिलेटरचं. मशीन श्वास देतं, थकलेलं हृदय बरं करत नाही. न्यूमोनियासारखं काही कारण असेल जे औषधाने उतरण्यासारखं आहे, तर थोडे दिवस मशीनवर राहून माणूस घरी येतोही, ते मी नाकारत नाही. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'वाचतील का' विचारून काही हाती लागत नाही, ते म्हणणार प्रयत्न करू. विचारा की यावेळी बिघडलं कशामुळे, ते सुधारण्यासारखं आहे का, आणि सुधारलं तर घरी येतील तेव्हा स्वतःच्या पायाने बाथरूमपर्यंत जातील का. आयसीयूत न्यायचंच ठरलं तर पहिल्याच दिवशी बोलून घ्या, की दोन-तीन दिवस पूर्ण प्रयत्न करा, मग आपण परत बसू. हे आधी बोललेलं असलं की तिसऱ्या दिवशी 'आता कसं काढायचं' हा डोंगर एकदम समोर येत नाही. हृदय बंद पडलं तर छाती दाबायची का, म्हणजे सीपीआर करायचा का, हा आणखी वेगळा प्रश्न. इतक्या थकलेल्या हृदयाचा माणूस सीपीआरनंतर घरी परत येणं फार विरळ आणि म्हाताऱ्या बरगड्या मोडतात, हे कोणी सांगत नाही. आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था) २०२० मध्ये यावर गाइडलाइन्स काढल्यात, डॉक्टर पेशंटशी नाहीतर घरच्यांशी बोलून केसपेपरवर सीपीआर न करण्याची नोंद करू शकतात. त्या नोंदीचा अर्थ तेवढाच, बाकी ऑक्सिजन, औषधं, इंजेक्शन सगळं चालू राहतं.

आणि घरी ठेवायचं ठरलं तर तयारीने ठेवा. पाठ उंच करून झोपवणं, रोज सकाळी वजन, लघवीच्या गोळीचा डोस कधी वाढवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घेणं, चेहऱ्यावर येईल असा छोटा टेबल फॅन (दम लागलेल्याला त्या वाऱ्याने खरंच बरं वाटतं, मोठा कूलर भसाभसा दमट हवा फेकतो त्याने नाही). अगदी शेवटच्या टप्प्यात दम आणि घाबरणं कमी व्हायला मॉर्फिनचे छोटे डोस देतात, नाव ऐकून दचकू नका, बरोबर डोसमध्ये ते आयुष्य कमी करायला दिलं जात नाही, त्रास कमी करायला दिलं जातं. २०१४ मध्ये कायद्यात बदल होऊन ते मिळणं थोडं सोपं झालंय पण ते मान्यता असलेल्या संस्थेतूनच मिळतं. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये, मिहानच्या एम्समध्ये नाहीतर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारा, पॅलिएटिव्हचं, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करायचं काम कोण बघतं. कॅन्सर नसला तरी विचारा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी आणलात तर सोबत भरलेलं एक सिलिंडर ठेवाच, मे महिन्यात दुपारी लाइट गेली की मशीन गपकन बंद, तेव्हा कोणाकोणाला फोन करणार. पैशाचं म्हणाल तर ७० च्या वरच्या माणसाला उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात पण ते योजनेतल्या दवाखान्यात ऍडमिट झाल्यावरचं, घरच्या नर्सचा खर्च त्यात येत नाही.

राहिला भाऊ. कॅनडा काढून पुणे घाला, बंगलोर घाला, हे पत्र मला नेहमी येतं. तो वाईट नाहीये हो, त्याने बाबांना दिवाळीत पाहिलंय तेच त्याच्या डोळ्यासमोर आहेत, आणि लांबून करता येण्यासारखं त्याच्या हातात पैसेच आहेत. तुम्ही त्याला समजवायला जाऊ नका, भांडण होईल. व्हिडिओ कॉलवर त्याला बाबांसमोर बसवा आणि तुम्ही गप्प राहा, बाबांना बोलू द्या. मग डॉक्टरांची वेळ घेऊन त्याचं डायरेक्ट डॉक्टरांशी बोलणं करून द्या. आणि त्याला यायचं असेल तर आत्ता ये म्हणा, बाबा बोलताहेत तोवर.

आईला एकटीला गाठा. स्वयंपाकघरात, हातात काही काम असताना. इतक्या वर्षांचा संसार आहे, तिला माहीत असतं सगळं, तिला कोणी विचारलेलं नसतं एवढंच.

नमस्कार, माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या, डिमेन्शिया होऊन बरीच वर्षं झाली. आता कोणाला ओळखत नाहीत, बेडवरच असतात. महिन्याभरापासून खाणं खूप कमी झालं, तोंडात घास धरून ठेवतात, पाणी पाजलं की ठसका लागतो. डॉक्टर म्हणाले नाकातून नळी टाकू. ह्यांना नको वाटतं, पण नणंद म्हणते तुम्ही माझ्या आईला भुकी मारून राहिले. दिवसभर सगळं मीच करते आणि बोलणंही मीच खाते.
— नंदनवन

पहिले एक बघा, की खाणं बंद व्हायला दुसरं साधं कारण तर नाही. तोंड उघडून टॉर्चने बघा, तोंड आलंय का, जिभेवर पांढरा थर आहे का, कवळी टोचतेय का. पोट साफ होतंय का. लघवीचं इन्फेक्शन आहे का. झोपेची नवीन गोळी सुरू झाली का. यातलं काही असलं तर ते बरं झाल्यावर खाणं परत सुरू होऊ शकतं. नुकता लकवा मारला असेल आणि गिळणं परत यायची आशा असेल तर तात्पुरती नळी ठीक आहे, तिथे मी स्वतः नळी टाका म्हणेन.

पण डिमेन्शिया शेवटच्या टप्प्यात असला आणि गिळणंच विसरत चाललं असेल, तर नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, छातीत अन्न जाऊन न्यूमोनिया व्हायचा पण टळत नाही, कारण स्वतःची लाळ आणि पोटातलं वर येणं चालूच असतं. वर त्या नळी उपटतात, मग हात बांधतात. हात बांधलेली म्हातारी बाई मी खूप पाहिल्या, तुम्ही पाहू नये असं वाटतं. अशा वेळी जगभर डॉक्टर हेच सुचवतात की हाताने, हळूहळू, जेवढं घेतील तेवढंच भरवा.

कसं ते लिहिते. पूर्ण बसतं करून, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, एक घास गिळला का ते गळ्याकडे बघून मगच दुसरा. पातळ पाण्याने ठसका जास्त लागतो, म्हणून वरणाचं पाणी, चहा यापेक्षा घट्टसर काही, मऊ भात-वरण घोटून, रव्याची खीर, दही, केळं कुस्करून. त्यांना काय आवडायचं ते आठवा. सांभारवडी आता चावता येणार नाही पण आतल्या सारणाची चव घट्ट दह्यात कालवून जिभेवर लावता येते, त्याने पोट नाही भरणार, तोंड हलेल. मान वळवली, ओठ मिटले की थांबायचं. जबरदस्ती करायची नाही. खाणं झाल्यावर अर्धा तास बसतंच ठेवायचं. पाणी फार घेत नसतील तर ओल्या कापडाने तोंड पुसा, ओठाला तूप लावा, दिवसातून चार-पाच वेळा, कोरड्या तोंडाचा त्रास सगळ्यात जास्त असतो. शेवटी शेवटी शरीराला भूक लागतच नाही, ते मिटत असतं म्हणून खाणं कमी होतं. खाणं कमी झालं म्हणून मिटत नसतं. हे नणंदेला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, वहिनीच्या तोंडून तिला पटणार नाही.

आणि तिला भांडू नका, बोलवा. 'ताई तुम्ही चार दिवस राहायला या, दुपारचं तुम्ही भरवा.' टोमणा मारायला नाही हं, खरंच बोलवा. एक घास भरवायला अर्धा तास लागतो हे तिने केलं की तिचं तिला कळेल, आणि आईच्या तोंडात शेवटचे घास तिचेही गेले याचं समाधान तिला आयुष्यभर पुरेल.

सासूबाई आता सांगू शकत नाहीत हे खरंय. मग तुम्ही तिघं बसून एवढंच बोला, की त्या धडधाकट असताना कोणाच्या आजारपणात, कोणाच्या मयतीला जाऊन आल्यावर काय बोलायच्या. बायका बोलतात. 'मला असं नळ्या लावून ठेवू नका गं' किंवा 'देव नेईल तेव्हा नेईल, तोवर करा माझं', काहीतरी नक्की बोलल्या असतील. 'आपल्याला काय हवं' यावर तुमचं कधीच जमणार नाही, 'त्या काय म्हणाल्या असत्या' यावर कदाचित जमेल. आणि त्या सगळं करा म्हणणाऱ्या होत्या असं निघालं, तर नळी टाकायची, मग माझं मत गेलं चुलीत.

वडील ७४, खर्रा खायचे, तोंडाचा कॅन्सर निघाला, पसरलाय. घरच्यांनी ठरवलं की त्यांना सांगायचं नाही, अल्सर आहे म्हणून सांगितलंय. फाइल लपवून ठेवतो. बरोबर आहे का?
— इतवारी

अहो भाऊ, तुम्ही त्यांना कॅन्सर हॉस्पिटलमध्ये घेऊन जाता, बाहेर एवढी मोठी पाटी आहे, त्यांना वाचता येतं. त्यांना माहीत आहे. तुम्ही त्यांच्यापासून लपवताय आणि ते तुमच्यापासून लपवताहेत की त्यांना माहीत आहे.

एकदम अंगावर टाकू नका. डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारा, 'बाबा तुम्हाला आजाराचं सगळं ऐकायचंय का, का आम्हीच बोलू?' काही म्हणतात तुम्हीच बघा, मला नका सांगू. तेही चालतं, तो त्यांचा निर्णय झाला. पण ऐकायचं म्हणाले तर सांगा. कोणाचे पैसे द्यायचे असतील, कोणाशी अबोला असेल, पंढरपूरला जायचं राहिलं असेल, अल्सर झालेला माणूस या गोष्टी पुढच्या वर्षावर टाकतो.

संपादक महोदय, आपल्या मासिकातून हे काय चालले आहे? आई-बापांना मरू द्या असा प्रचार? आजकालच्या मुलांना आयतेच निमित्त हवे असते. इस्टेट पाहिजे, सेवा नको. मी ७७ वर्षांचा सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे.
— महाल

सर, तुमची भीती खोटी नाही. असे मुलगे मी पाहिलेत, बेडच्या पायथ्याशी उभं राहून सातबाराचं बोलणारे. म्हणूनच तर मी ओरडून राहिले की आधी त्यांना विचारा. मुलगा म्हणाला 'आता बस करा' आणि बापाला कोणी विचारलंच नसेल, तर मी तुमच्या बाजूने उभी आहे.

कायद्यालाही ही भीती आहे. इंजेक्शन देऊन मारणं भारतात गुन्हाच आहे, आजही. मुंबईत केईएममध्ये अरुणा शानबाग इतकी वर्षं बेशुद्धावस्थेत होत्या, त्यांच्या केसमध्ये २०११ साली सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा, लाइफ सपोर्ट काढायला काही अटींवर परवानगी असू शकते असं म्हटलं, पण त्यांच्या बाबतीत मात्र ती दिली नाही, कारण ज्या नर्सेस त्यांचं रोज करत होत्या त्यांना ते नको होतं. त्या २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेल्या. आजच्या नियमात पेशंट स्वतः सांगू शकत नसेल तर उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असं एक बोर्ड बसतं, ते हो म्हणालं तर दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, आणि अंमल करायच्या आधी मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. कोणा एका मुलाच्या म्हणण्यावर काही होत नाही.

आणि नको म्हणायची रीत काही माझ्या पिढीने काढलेली नाही. इथून दोन तासांवर पवनार आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी आजारात अन्न आणि औषध दोन्ही थांबवलं, डॉक्टर, पुढारी सगळे विनंत्या करत होते, ते शांतपणे नाही म्हणाले, १५ तारखेला गेले. सगळ्यांनी तसं करावं असं मी अजिबात म्हणत नाही, सर. त्यांचं त्यांनी ठरवलं, एवढंच त्यातून घेते.

तुमच्या ओळखीत कोणा म्हाताऱ्या माणसाची खरंच हेळसांड होत असेल तर १४५६७ या एल्डरलाइनला फोन करा, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलांकडून निर्वाह खर्च मागता येतो.

आजीला डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. आम्ही आणली पण आता रात्र झाली की सगळ्यांना भीती वाटते. शेवटी काय होतं? घरी गेली तर पोलीस येतात का? सर्टिफिकेट कोण देणार? मी नातू, २४ वर्षांचा.
— कामठी रोड

तू विचारलंस ते बरं केलंस, घरातले मोठे हे विचारत नाहीत आणि मग रात्री दोन वाजता धावाधाव होते.

बहुतेक वेळा असं होतं की झोप वाढत जाते. खाणं-पिणं थांबतं. हात-पाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जांभळट छटा येते. श्वास मध्येच थांबतो आणि परत सुरू होतो, मधलं ते थांबणं ऐकणाऱ्याला फार लांब वाटतं. घशात घरघर होते, आपल्याला वाटतं आजी गुदमरून राहिली पण ती बहुतेक शुद्धीत नसते, तिला त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवलं की घरघर थोडी कमी होते. तोंडात गंगाजल घालताना चमचाभर ओतू नका, तुळशीचं पान बुडवून ओठ ओले करा, बस. ऐकू येत असेल असं धरूनच बोलत राहा.

डॉक्टरांना आजच जाऊन भेट. दुखलं, घाबरली तर कोणतं औषध द्यायचं ते आणून ठेव. आणि डॉक्टरांना सरळ विचार, 'आजी घरी गेली तर तुम्ही येऊन सर्टिफिकेट द्याल का, रात्री कोणत्या नंबरवर फोन करू?' घरच्या मृत्यूसाठी फॉर्म ४ए असतो, शेवटच्या आजारात ज्यांनी बघितलं ते डॉक्टर त्यावर मृत्यूचं कारण लिहितात. घाटावरही डॉक्टरांचा कागद मागतात. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची. आजाराची फाइल, डिस्चार्ज कार्ड आणि आधार एका पिशवीत घालून कपाटाच्या वरच ठेव. म्हातारपणाच्या, आजाराच्या मृत्यूला पोलिसांचं काम नाही. पण मधेच पडून डोक्याला मार लागला, जळाली, विषबाधा, असं काही झालं तर मामला मेडिको-लीगल होतो, मग दवाखान्यातच न्यावं लागतं.

घरच्यांना एक सांगून ठेव. १०८ ला फोन केला की ते त्यांचं काम करणार, छाती दाबणार, उचलून नेणार, तो त्यांचा दोष नाही. न्यायचं नाही हे ठरलं असेल तर घाबरून १०८ नका लावू, डॉक्टरांना लावा. आणि शेजारचे काका येऊन 'अरे ने ना हॉस्पिटलात' म्हणतील, त्यांच्याशी बोलायला घरातला एक माणूस आधीच ठरवा.

आजीने कधी नेत्रदानाचं म्हटलं असेल तर ते घरूनही होतं, सहा तासांच्या आत, लवकर केलं तितकं चांगलं. लगेच आय बँकेला फोन, डोळे मिटून वर ओला कापूस, पंखा बंद, डोक्याखाली उशी. किडनी, लिव्हरचं दान मात्र बहुतेक वेळा ब्रेन डेथ झालेल्या, आयसीयूतल्या पेशंटचंच होतं, आपल्याकडे त्याचं काम झेडटीसीसी ही अवयवदानाची संस्था बघते.

ताई, माझं उलटं आहे. मी ७६, हे ८१. मुलगा हैदराबादला, मुलगी प्रतापनगरला. मी विषय काढला की मला मशीनवर ठेवू नका, की मुलगी रडते, आई अशुभ बोलू नको म्हणते, मुलगा फोन ह्यांना दे म्हणतो. आम्हाला बोलायचंय आणि ऐकायला कोणी तयार नाही. ते लिव्हिंग विल म्हणतात ते नागपुरात होतं का? वकील लागतो का?
— त्रिमूर्तीनगर

काकू, तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, म्हणजे वरचे सगळे तुमच्यापर्यंत वाचत येतील.

मुलांना समोर बसवून 'मला महत्त्वाचं बोलायचंय' असं नका म्हणू, ती लगेच पळतात. मुलगी गाडीवर बाजारात नेते न, तेव्हा मागे बसून बोला, तोंड दिसत नाही, रडता येतं आणि उतरताही येत नाही. किंवा दुसऱ्या कोणाचं निमित्त करा, 'अमक्या वहिनींचं बघ, किती दिवस ठेवलं, माझं असं झालं तर काय करशील गं?' ती अशुभ म्हणाली तर म्हणा, मी विम्याचा हप्ता भरते तेव्हा तर तू अशुभ म्हणत नाहीस. आणि बोलणं जमलंच नाही तर पत्र लिहा. लिहिलेलं रडून झाल्यावर परत वाचता येतं.

लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार हवे, कोणते नको हे आधीच लिहून ठेवलेला कागद, तो होतो, नागपुरात पण होतो, वकिलाची सक्ती नाही. इस्टेटीच्या मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही, ते गेल्यावर उघडतं, हे तुम्ही हयात असताना पण बोलू शकत नसाल तेव्हा कामाला येतं. बोलू शकताय तोवर तुमचा तोंडचा शब्दच चालतो. २०१८ च्या निकालात मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी करतच नव्हतं. २४ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, झालं. साक्षीदार शक्यतो बाहेरचे घ्या, शेजारचे चालतील. तुमचं आणि काकांचं वेगवेगळं करा, एकाच कागदावर दोघांचं नको.

काय लिहायचं? मराठीत लिहा, तुमच्या भाषेत. 'बरा न होणारा आजार शेवटच्या टप्प्यात असेल आणि मला शुद्ध नसेल तर व्हेंटिलेटर, सीपीआर, डायलिसिस नको' हे एक. 'दुखणं, दम, घाबरणं यासाठी लागेल ते औषध द्या' हे दुसरं, हे लोक विसरतात आणि खरं तर हेच जास्त महत्त्वाचं. 'शक्यतो घरी ठेवा' किंवा उलट, 'मुलीवर भार नको, दवाखान्यातच ठेवा', जे वाटेल ते. आणि तुमच्या वतीने कोणी बोलायचं त्याचं नाव, एकापेक्षा जास्त नावं देता येतात. काकांचं वय बघता एकटं त्यांचं नाव नका देऊ, मुलीचंही घाला, आणि घालायच्या आधी तिला विचारा. जी नाव काढलं की रडते ती आयसीयूच्या दारात तुमच्यासाठी भांडेल का, का भाच्याला घालायचं, हे तुम्हालाच माहीत. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं, नवीन करता येतं.

मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्यात असाच एक कागद असतो, तो वेगळा, नोटरीकडे गेल्यावर गडबड होऊ देऊ नका.

झाल्यावर कॉपी कपाटात लॉकरमध्ये ठेवू नका. एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक मुलीकडे, एक मुलाला व्हॉट्सअॅपवर फोटो काढून (तो बघेल, उत्तर नाही देणार, बघेल मात्र), एक तुमच्या दवाखान्याच्या फाइलला पुढेच लावलेली. आणि एक महानगरपालिकेत द्यायची, निकालाप्रमाणे स्थानिक संस्थेत हे कागद सांभाळायला एक कस्टोडियन नेमलेला असायला हवा. सिव्हिल लाइन्सच्या मुख्य ऑफिसात आरोग्य विभागात जाऊन विचारा. टेबलावरचा माणूस 'हे काय असतं' म्हणाला तर परत येऊ नका, आवकमध्ये कागद द्या, शिक्का मारून पोच घ्या आणि पोचची झेरॉक्स फाइलला लावा.